दोन लाल, एक पांढरा

आमच्या ओसरीत धान्याच्या कोठीशेजारी वीस किलोचं एक लोखंडी माप असतं. षटकोनी, वर कडी, बुडाला शिसं भरून त्यावर वजनमापवाल्यांचा ठसा. कापसाच्या हंगामात खेडा खरेदीवाला व्यापारी गाडी घेऊन दारात आला की आप्पा आधी ते माप बाहेर काढून त्याच्या काट्यावर ठेवतात. काट्यानं वीस दाखवले तरच फडक्यातला कापूस वर चढतो. अर्ध्या किलोचा फरक दिसला तरी आप्पा त्या माणसाला चहा पाजतात आणि परत पाठवतात. ओल आहे, कवडी आहे, धूळ आहे असं म्हणत क्विंटलमागे जी कटती लावतात, तिच्यावरून तर गावात येणाऱ्या निम्म्या व्यापाऱ्यांशी त्यांचं वाजलेलं आहे.

पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे दिव्यांगांच्या वजन उचलण्याच्या खेळातल्या, रिकाम्या रॉडचं वजनही बरोबर वीस किलो असतं. पहिल्या दिवशी माझ्या वस्तादांनी, बापूंनी, तो माझ्या हातात दिला तेव्हा मला ओसरीतलं ते माप आठवलं होतं.

मी अमळनेर तालुक्यातल्या, बोरीकाठच्या एका गावातली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण गेला, उजवा घोट्यापासून खाली अधू राहिला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधार, आणि उजव्या काखेत कुबडी, असं माझं चालणं. शाळेत असताना हातानं फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली. शाळा चढावर होती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना असा धरायचा की मागून भाऊ ढकलायचा, पुढून मी हँडल ओढायची, आणि तरी सायकल वीतभर सरकायची. दंडात ताकद आली ती तिथून. आज मी अमळनेरला एका सेतू केंद्रात संगणकावर बसते. दाखले, अर्ज, दिव्यांगांच्या ओळखपत्राचे फॉर्म, दिवसभर तेच काम.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोची पॅरालिम्पिक स्पर्धा चालू होती. केंद्रात गर्दी नव्हती, म्हणून मोबाइलवर बघत बसले होते. बायकांचा ५० किलोचा गट. सकिना खातून नावाची आपली भारतीय मुलगी बाकावर आडवी झाली, पाय पट्ट्यांनी बांधून घेतले आणि ९३ किलो उचलले. ती पाचवी आली. तिलाही लहानपणी पोलिओ झालेला, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं कांस्यपदक घेतलेलं, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मात्र मला एवढंच दिसलं की माझ्यासारखे पाय असलेली एक बाई स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट वजन छातीवरून वर ढकलते आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणी ‘बिचारी’ म्हणत नाही.

संध्याकाळी चाकं लावलेली स्कूटी मी घराकडे न्यायच्या ऐवजी बापूंच्या तालमीकडे वळवली. बापू तरुणपणी कुस्ती खेळलेले, पुढे पॉवरलिफ्टिंगही केलेले. माझ्या मावसभावाचे ते वस्ताद, म्हणून घरोबा होता. मी काय मागायला आलेय ते त्यांनी ऐकून घेतलं, तळहात उलटे करून बघितले, कुबडीच्या मुठीमुळे पडलेला घट्टा अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले, “उद्या पहाटे ये. पोरं यायच्या आधी.”

बापूंनाही या खेळाची माहिती थोडीच होती. राजिंदरसिंग राहेलूंनी २००४ मध्ये अथेन्सला ५६ किलो गटात कांस्यपदक घेतलं, एवढं त्यांना ठाऊक होतं. बाकी आम्ही दोघं मिळून शिकलो. पॉवरलिफ्टिंगमध्ये एरवी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात. आमच्यात फक्त बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं. पण बाक वेगळा असतो, कारण पाय जमिनीला लावायचे नसतात, ते पूर्ण बाकावरच राहतात. बाक २१० सेंटीमीटर लांब, ६१ सेंटीमीटर रुंद, आणि डोक्याकडे निमुळता होत ३० सेंटीमीटरपर्यंत येतो. तालमीतल्या साध्या बाकावर माझे पाय घसरून खाली पडायचे. पहिले दोन महिने आम्ही बाकाला शाळेतलं एक जुनं टेबल जोडलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा नायलॉनचा पट्टा मांड्यांवरून आवळला. पुढे धुळे रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्या काकांनी कागदावरच्या मापावरून बाक करून दिला. रेक्झिन लावताना त्यांनी मला दोनदा झोपवून बघितलं, खांदे नीट बसतात की नाही म्हणून. मजुरी घेतली, पण उरलेल्या चॅनलचे पैसे घेतले नाहीत.

तीन-चार महिन्यांत मी ५० किलोपर्यंत आले. तेवढ्यात जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात दिव्यांगांच्या स्पर्धा होत्या. मी ५५ मागितले. बार छातीला लागला, उसळला आणि वर गेला. डावा कोपर शेवटपर्यंत सरळ झालाच नाही, हे मला बाकावरच कळलं होतं. तरी पंचांनी हात वर केला. माइकवरून आवाज आला, “ताईंसाठी जोरदार टाळ्या!” शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. घरी माय फार खूश झाली. बापू मात्र परतीच्या वाटेवर गाडीत काही बोलले नाहीत. गाव आल्यावर म्हणाले, “तू थांबनीच नही व.”

त्याचा अर्थ मला कळला तो राष्ट्रीय स्पर्धेत. तिथे मी ६० किलोनं सुरुवात केली. प्रत्येकीला तीन प्रयत्न मिळतात, आणि तीन पंच पांढरा किंवा लाल दिवा देतात. दोन पांढरे लागले तर वजन धरलं जातं. मला तिन्ही प्रयत्नांत मिळून नऊ दिवे मिळाले, त्यातले आठ लाल. वजन तिन्ही वेळा वर गेलं होतं! पण बार छातीवर येऊन स्थिर थांबला पाहिजे, तो थांबा पंचांना दिसला पाहिजे, आणि मगच तो वर जायला हवा. माझा बार टेकायचा आणि लगेच निघायचा. निकालपत्रात माझ्या नावापुढे आकडाच नव्हता. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, “एवढ्या लांबून आली पोरगी, एखादं तरी द्यायला हवं होतं.” नवजीवन एक्सप्रेसनं अमळनेरला परतताना मी रात्रभर ते वाक्य चघळत होते. एखादं तरी द्यायला हवं होतं. म्हणजे ५५ किलोच्या वेळी मला जे मिळालं होतं, तेही असंच ‘दिलेलं’ होतं.

ती शाल आईनं कपाटात जपून ठेवली आहे. माझ्या लेखी तो कार्यक्रम वजा.

पुढचं वर्ष आम्ही थांबायला शिकण्यात घालवलं. साध्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बार छातीवर स्थिर झाला की पंच ‘प्रेस’ म्हणतो आणि मग खेळाडू दाबतो. आमच्यात तो हुकूम नाही. मुख्य पंच ‘स्टार्ट’ म्हणतो तेव्हा बार खाली आणायचा, आणि वर नेऊन दोन्ही कोपरं सरळ झाल्यावर ‘रॅक’ म्हणतो तेव्हा ठेवायचा. मधला थांबा ज्याचा त्यानं ठरवायचा. कमी थांबलात तर लाल. जास्त थांबलात तर दम संपतो. बापूंनी यावर एक युक्ती केली. ते माझ्या डोक्यामागे, मुख्य पंच बसतो तिथे, पाट टाकून बसायचे आणि सेट चालू असताना एक शब्दही बोलायचे नाहीत. रॉड ठेवल्यावर विचारायचे, “थांबनी का?” मी “हो” म्हटलं आणि त्यांना तो थांबा दिसला नसेल, तर ते फक्त मान हलवायचे आणि तो रेप, म्हणजे ती उचल, मोजायचे नाहीत. काही सकाळी माझे पंधरा रेप व्हायचे आणि वहीत चारच लिहिले जायचे.

आता मला तो थांबा आतून कळतो. बार खाली येताना श्वास पोटात धरलेला असतो, बरगड्या वर उचललेल्या असतात. लोखंड बनियनला टेकतं, मग कातडीला, मग छातीच्या हाडाला. तिथे तीनही आवाज बंद व्हायला पाहिजेत: प्लेटांचा, बाकाचा आणि मनातला. प्लेटा वाजायच्या थांबल्या की बार खरोखर थांबला असं समजायचं. ही खूण मला पुस्तकातून मिळाली नाही, पहाटेच्या तालमीतल्या शांततेत मिळाली.

दुसरा दोष भावाच्या मोबाइलनं दाखवला. डोक्याकडून व्हिडिओ काढला तर मागच्या भिंतीवरच्या निळ्या पट्ट्याच्या मानानं बार तिरका दिसायचा. उजवी बाजू आधी वर, डावी मागून. बापू म्हणाले, “उजवा पुढे जास, डावा मांगे ऱ्हास.” कारण उघड होतं. तीस वर्षं मी उजव्या काखेतल्या कुबडीवर अंग टाकून चालतेय, तो खांदा दुसऱ्या खांद्यापेक्षा दुप्पट राबलाय. माझं सगळं चालणं त्या बारवर लिहिलेलं होतं. मग डाव्या हातानं डंबेल, डाव्या हातानं बादली, जात्यावर डाळ भरडायची तीही डाव्या हातानं. माय म्हणायची, “अशी कशी व तू, डाव्या हातानं कुणी दळतं का?”

त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६५ किलो केले, तीनपैकी तीन धरले गेले. त्यावरून दुबईच्या विश्वचषक स्पर्धेसाठी नाव पाठवायचं ठरलं. पासपोर्ट, व्हिसा, आंतरराष्ट्रीय परवाना, प्रवेशशुल्क, विमान, सगळा खर्च आपला. आप्पांनी त्या वर्षीचा कापूस भाव वाढायची वाट न बघता काढला. गावातल्या लोकांनी वर्गणी केली, तालमीतल्या पोरांनी केली. कुणी किती दिले ते वहीत आहे आणि मला पाठ आहे.

वजनाचं मात्र सांगायलाच हवं. अंगाच्या वजनाप्रमाणे बायकांचे दहा गट असतात, ४१ किलोपासून ८६ च्या वरपर्यंत. माझा ५० चा. श्रावणात आमच्या खान्देशातली देवी कानबाई बसली आणि आमच्याकडे रोट झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सव्वाच्या मापानं दळलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, आणि ते सगळं भाऊबंदकीतच संपवायचं. कानबाईचा प्रसाद टाळायचा नाही, म्हणून मी खाल्लं, आणि काट्यावर ५१.८ आले. स्पर्धेला बरेच दिवस होते, पण पुढे भरिताचा हंगाम. हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली जातात, सोबत कळण्याची भाकरी, वरून तेल. मी भरीत खाल्लं, तेल सोडलं. भाकरी अर्धी केली. दादर ज्वारीची भाकरी अर्धी खाऊन उठायचं म्हणजे काय, ते खान्देशातल्या माणसालाच कळेल.

निघायच्या आठवड्यात घसा धरला. मायनं काढा केला, कुठल्याशा पुड्या टाकून. मी तो घेतला नाही. औषधात काय आहे ते मला ठाऊक नसेल आणि उत्तेजक चाचणीत काही सापडलं, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही, जबाबदारी खेळाडूचीच. हे मायला समजावताना मला रडू आलं, कारण तिनं रात्री उठून तो उकळला होता. शेवटी हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवलं.

प्रवासातलं फारसं सांगण्यासारखं नाही. विमानतळावर कॅलिपर काढून तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावा लागला आणि मी खुर्चीवर बसून तो पलीकडून यायची वाट बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय माझ्यापासून दहा फूट लांब होता. दुबईत उतरल्यावर एका पाटीवर आमच्यासाठी ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’ असे शब्द दिसले, निर्धाराची माणसं. तिथे सरकारनंच २०१७ पासून हा शब्द रूढ केला आहे. चांगला शब्द आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते दुसऱ्या दिवशीचं वर्गीकरण.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्याची तपासणी होते. तुमचं अपंगत्व या खेळाच्या नियमात बसतं का, किमान जेवढं हवं तेवढं आहे का, हे बघतात. स्नायूंची ताकद कमी असणं, अवयव नसणं, पायांच्या लांबीत फरक, कमी उंची असे आठ प्रकार ग्राह्य धरले जातात. जळगावच्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय फॉर्म आधीच भरून पाठवला होता. तरी आदल्या रात्री मला झोप नव्हती. ‘पात्र नाही’ असा शेराही मिळू शकतो. वीस वर्षांपूर्वी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मी एका सरकारी दवाखान्यात गेले होते. टेबलापलीकडून साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “चालून दाखव.” सगळ्या रांगेसमोर मी भिंतीपर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांनी टक्के लिहिले. कुणी पायाला हात लावला नाही. माझ्या पायात नेमकं काय आहे आणि काय नाही, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

इथे खोलीत दोघं होते, एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि एक तांत्रिक तज्ज्ञ. सोबत आपल्या संघाच्या मॅडम भाषेसाठी. बाईंनी आधी विचारलं, “हात लावू का?” मग कॅलिपरचे पट्टे मला स्वतःला सोडू दिले. पुढचा बराच वेळ एकेक स्नायू. मांडी उचल. गुडघा सरळ कर. आता मी दाबते, तू धरून ठेव. घोटा वर, घोटा खाली. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाचमध्ये गुण. त्या आकडा बोलायच्या आणि दुसरे लिहून घ्यायचे. डाव्या मांडीच्या पुढच्या स्नायूवर त्यांनी तीन बोटं ठेवली, मला जोर लावायला सांगितलं, वाट बघितली, पुन्हा जोर लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “झीरो.”

लहानपणापासून मला सगळे सांगत आले की पाय थोडा कमजोर आहे, होईल बरा, मालिश करत जा. शून्य कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण मी हलकी झाले. जे आहे ते कुणीतरी नीट मोजलं होतं.

नंतर कोपरं. हात सरळ केल्यावर ते किती अंशात सरळ होतात ते कोनमापकानं बघितलं, कारण कोपर २० अंशांहून जास्त वाकलेलं राहत असेल तर या खेळात भाग घेता येत नाही. मग बाकावर झोपवून हलका बार. माझा डावा गुडघा आखडलेला आहे, पूर्ण सरळ होत नाही. त्याचीही त्यांनी नोंद केली, म्हणजे उद्या पंचांना तो नियमभंग वाटू नये. निकाल कळेपर्यंत बाहेर बाकड्यावर थांबायचं होतं. माझ्या आधी आत गेलेली एक परदेशी मुलगी बाहेर आली आणि तिच्या कोचच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिचं अपंगत्व खरं होतं, पण नियमातल्या मापापेक्षा कमी भरलं होतं. तिच्यासाठी जीव तुटला. आणि तरीही मला तो नियम चुकीचा वाटला नाही.

मी पात्र ठरले.

या खेळात वर्ग एकच, फक्त वजनाचे गट वेगळे. त्यामुळे सरावाच्या खोलीत पाय नसलेली, पाठीचा कणा दुखावलेली, ठेंगणी, पोलिओची अशा सगळ्या एकाच बाकावर आळीपाळीनं झोपतात. कमी उंचीच्या खेळाडूचा हात आखूड, बारला जायचं अंतर कमी. कण्याची दुखापत असलेलीला पोटाचा आणि पाठीचा आधारच नसतो. हे समान आहे का, यावर तिथेही वाद ऐकला. मला त्यावर ठाम मत देता येत नाही. मी फक्त बघत होते की चॉकची पूड उडतेय, बामचा वास येतोय आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पट्ट्याचं टोक धरून आवळायला मदत करतंय.

सकाळच्या वजनाला मी कॅलिपर काढून काट्यावर बसले. ४९.६. हा काटा आप्पांनी बघायला हवा होता असं मनात आलं.

पहिला प्रयत्न ६८. रॉड वीस, प्लेटा अडकवून धरणाऱ्या दोन्ही कॉलर मिळून पाच, आणि प्रत्येक बाजूला साडेएकवीस. नाव पुकारल्यावर दोन मिनिटांत सुरुवात करायची असते. संघाच्या सरांनी मला बाकावर घेतलं, मांड्यांवर आणि गुडघ्यांखाली असे दोन पट्टे आवळले. लोडर पोरांनी बार उचलून हातात दिला. ‘स्टार्ट.’ खाली. प्लेटांचा आवाज थांबला. मी थांबले. मग दाबलं, आणि बार गेला. ‘रॅक.’ मान वळवून दिव्यांकडे बघितलं.

दोन लाल, एक पांढरा.

सर विचारून आले. थांबा उत्तम होता, सगळ्यांना दिसला. पण बार तिरका गेला, डावा हात मागे राहिला. सर मला म्हणाले, “वजन कमी करता येत नाही, तेच पुन्हा मागायचं.” मी मान हलवली. मला राग आला नव्हता. सात समुद्रापलीकडच्या तीन अनोळखी माणसांना, पाच सेकंदांत, माझ्या डाव्या खांद्यात काय आहे ते दिसलं होतं. बापूंच्या वहीतही तेच लिहिलेलं होतं. मला माझी चूक दाखवायला ते संकोचले नाहीत. त्या लाल दिव्यांचा मला आधार वाटला, असं मी नंतर भावाला सांगितलं तर त्याला ते पटलं नाही. तुम्हाला पटेल की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या प्रयत्नाआधी जो वेळ मिळाला त्यात मी डोळे मिटून भिंतीवरचा निळा पट्टा आठवत राहिले. या वेळी बारवरची डावी मूठ आधी पक्की केली, मग उजवी. खाली आणताना मुद्दाम सावकाश. थांबा. आणि वर नेताना उजव्या हाताला मनातल्या मनात म्हटलं, थांब, डाव्याला येऊ दे. दोघं मिळून वर पोचले. तीन पांढरे.

तिसऱ्याला ७२ मागितले. हे मी सरावात एकदाच उचललं होतं, आणि तेव्हा बापूंनी ते मोजलं नव्हतं. यातलं मला फार आठवत नाही. अर्ध्यावर बार अडकला आणि काही काळ जागचा हललाच नाही, हे आठवतं. बाकाच्या रेक्झिनला माझ्या मानेचा घाम लागून ती चिकटत होती, हे आठवतं. मग डावं कोपर सरळ झाल्याचा एक बारीक कट्ट असा आवाज मला आतून ऐकू आला. दोन पांढरे, एक लाल. धरलं.

गटात मी शेवटून दुसरी. पहिलीनं माझ्या दीडपटीहून जास्त उचललं. तिच्या थांब्याकडे मी तोंड उघडं ठेवून बघत होते. इतकं वजन छातीवर ठेवून ती जणू ओट्यावर परात ठेवावी तसा बार ठेवायची, आणि मग उचलायची.

रात्री घरी फोन लावला. आधी माय बोलली, जेवलीस का, घसा कसा आहे. मग आप्पांकडे फोन गेला. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही, ते मोठ्यानं बोलतात.

“किती भरनं?”

“बहात्तर, आप्पा.”

“काटा बरोबर व्हता ना?”

“बरोबर व्हता.”

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, “कटती?”

मी सांगितलं की अडुसष्टचं पहिलं धरलं नाही. का धरलं नाही तेही सांगितलं, डावा हात मागे राहिला, बार तिरका गेला. पलीकडे शांतता. मागे गोठ्यातली घंटा ऐकू येत होती.

“मग बरोबर शे त्यास्नं,” आप्पा म्हणाले, आणि फोन पुन्हा मायकडे दिला.